उरणपर्यंत आलेली लोकल आणि गावांचा अपुरा हिशेब : एक प्रकरण अभ्यास

१२ जानेवारी २०२४ रोजी रायगड जिल्ह्यातल्या उरण शहरापर्यंत मुंबईची उपनगरी रेल्वे पोहोचली. त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते खारकोपर ते उरण या सुमारे १४.६ किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. नेरुळ आणि बेलापूर या दोन्ही स्थानकांतून निघून खारकोपरपर्यंत जाणारा पहिला टप्पा ११ नोव्हेंबर २०१८ पासूनच सुरू होता. दोन्ही टप्पे मिळून सुमारे २७ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी मात्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाली होती, म्हणजे मंजुरीच्या वेळी जन्मलेले मूल पहिल्या गाडीत बसले तेव्हा पदवीधर होऊन नोकरी शोधत होते. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा, नेमका ६७ टक्के, सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या राज्य सरकारच्या महामंडळाने, उचलायचा आणि उरलेला ३३ टक्के रेल्वेने, असा करार होता. ही विभागणी लक्षात ठेवली पाहिजे, कारण गावकऱ्यांच्या तक्रारीला उत्तर द्यायचे कोणी हा प्रश्न पुढे जिथे जिथे अडला, तिथे तो याच दोन दारांमध्ये अडला.

प्रकल्पाला स्थानिक लोकांचा प्रतिसाद कसा होता, असे विचारले की सहसा दोनच रकाने भरले जातात, एक स्वागताचा आणि दुसरा विरोधाचा. उरणच्या बाबतीत हे दोन रकाने उपयोगी पडत नाहीत. ज्या गावाने भरावाचे काम थांबवले त्याच गावातले विद्यार्थी पुढे पास काढून नेरुळला जाऊ लागले, आणि स्थानकाच्या नावासाठी निवेदने देणाऱ्या माणसांनाच गाड्यांच्या फेऱ्याही वाढवून हव्या होत्या. रेल्वे नको, असे म्हणणारा माणूस उरण तालुक्यात शोधावा लागेल. जे म्हणणे होते ते रेल्वे कोणत्या अटीवर येते आणि तिच्यासाठी दिलेल्या जमिनीचा हिशेब कधी पुरा होतो, याविषयी होते. हा अभ्यास त्या म्हणण्याचा आहे.

रेल्वेआधीचे दळणवळण

उरण मुंबईच्या समोर आहे आणि तरीही दीर्घकाळ दूर राहिले. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणारी लाँच हा मुंबईशी जोडणारा जुना मार्ग, पण मोरा बंदरात गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या रद्द होतात. पावसाळ्यात वाऱ्यामुळे खोळंबा होतो तो वेगळा. दुसरा पर्याय रस्त्याचा होता, म्हणजे पनवेलकडे किंवा बेलापूरच्या दिशेने जाणारी एसटी, नवी मुंबई परिवहनची बस, किंवा माणशी भाडे घेणारी तीनआसनी रिक्षा. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून या रस्त्यांवर कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरची गर्दी वाढत गेली, आणि बंदराच्या आजूबाजूला कंटेनरची गोदामे उभी राहिली तशी ती गर्दी गावांच्या नाक्यांपर्यंत आली. वाहतूक कोंडीत अडकलेली बस आणि ट्रेलरखाली सापडलेला दुचाकीस्वार या दोन बातम्या उरणच्या वाचकाला वर्षानुवर्षे ओळखीच्या आहेत.

त्यामुळे रेल्वेकडून असलेली पहिली अपेक्षा वेगाची नव्हती. माणूस सकाळी घरून निघाला तर ठरल्या वेळी पोहोचेल आणि रात्री धडधाकट परत येईल, एवढी खात्री लोकांना हवी होती. ही अपेक्षा साधी वाटते, पण पुढे वेळापत्रकावर जी नाराजी उमटली तिचे मूळ हीच अपेक्षा आहे.

जमीन आणि साडेबारा टक्के

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबईसाठी तेव्हाच्या ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. उरण तालुक्यातली भातशेती, मिठागरे आणि खाडीकाठची खाजणे या योजनेत गेली, आणि ज्यांची गेली ते मुख्यतः आगरी, कोळी आणि कराडी समाजांतले लोक होते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली वाजवी मोबदल्यासाठी आंदोलन उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघर-पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनमालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. तत्त्व मान्य झाले, अंमलबजावणी रेंगाळली. बंदरासाठी जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे वाटण्यात आली ती २०१४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे गोळीबारानंतर तीस वर्षांनी, आणि इरादापत्र म्हणजे भूखंडाचा ताबा नव्हे हे ज्यांच्या हातात ते पडले त्यांना सर्वांत आधी कळले.

ही पार्श्वभूमी सोडून रेल्वेविषयीचा प्रतिसाद वाचला तर चुकीचा अर्थ निघतो. जासई आणि गव्हाणच्या पट्ट्यात ग्रामस्थांनी रेल्वेचे काम रोखले तेव्हा ‘विकासाला विरोध’ असे त्याचे वर्णन झाले. प्रत्यक्षात आधी साडेबारा टक्क्यांचे भूखंड द्या, मग भराव टाका, अशी मागणी होती. तिच्यामागचा तर्क समजायला अवघड नाही. ज्या गावाला तीस-चाळीस वर्षांत आश्वासन पुरे करून घेण्याचे एकच साधन सापडले आहे, म्हणजे अडलेले काम, ते गाव ते साधन नव्या प्रकल्पाच्या वेळी खाली ठेवणार नाही. प्रकल्प राबवणाऱ्याला हा अडथळा वाटतो आणि गावाला ती वाटाघाटीची एकमेव खुर्ची वाटते. दोन्ही बाजू आपापल्या जागी सुसंगत आहेत, पण या सुसंगतीची किंमत वर्षांमध्ये मोजावी लागली.

उरण शहराच्या टोकाला प्रश्नाचे रूप थोडे वेगळे होते. कोटनाका आणि काळाधोंडा परिसरातल्या शेतकऱ्यांनी रेल्वेखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि पर्यायी भूखंड यांसाठी दीर्घकाळ आंदोलने केली. त्यांच्या दृष्टीने स्थानकाची भव्य इमारत उभी राहणे हेच आपले काम अर्धवट राहिल्याचा पुरावा होता, कारण इमारत झाली, रूळ झाले, आणि जमिनीची फाइल मात्र तिथेच होती.

विलंबाची वर्षे

मंजुरी आणि उद्घाटन यांच्यामधल्या पाव शतकाचा दोष एकट्या भूसंपादनावर टाकणे योग्य होणार नाही. मार्ग पनवेल खाडी ओलांडतो आणि कांदळवनांच्या पट्ट्यातून जातो. कांदळवन तोडायचे तर वन विभागाच्या मंजुरीबरोबर मुंबई उच्च न्यायालयाचीही परवानगी लागते, आणि ही वाट लांबची आहे. पर्यावरणाचा प्रश्न स्थानिकांच्या बोलण्यात आला तो मासेमारीच्या वाटेने. खाडी बुजली तर निवटी, चिंबोरी आणि कोलंबी कुठून मिळणार, असा सवाल कोळीवाड्यांतून येत होता. शहरातले पर्यावरणवादी आणि गावातले मच्छीमार एकाच कांदळवनाविषयी बोलत होते, तरी दोघांच्या मागण्या वेगळ्या होत्या. एकाला झाड टिकायला हवे होते आणि दुसऱ्याला त्या झाडाखालच्या चिखलातले उत्पन्न, किंवा ते बुडणार असेल तर त्याची भरपाई.

पहिला टप्पा सुरू झाल्यानंतर खारकोपरला येऊन थांबणारी गाडी पुढची पाच वर्षे उरणकरांच्या दृष्टीने कुचकामीच राहिली. उरणहून खारकोपरला जायला पुन्हा रस्त्याचीच कोंडी पार करावी लागत असे, आणि तेवढे केले की माणूस थेट बेलापूरलाच जात असे. खारकोपरच्या परिसरातल्या उलव्यात नव्याने राहायला आलेल्या लोकांसाठी मात्र हाच टप्पा निर्णायक ठरला, त्याकडे पुढे येतो. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी खारकोपरजवळ लोकलचे तीन डबे रुळांवरून घसरले. कोणी जखमी झाले नाही, पण भरावाच्या जमिनीवर घातलेल्या मार्गाविषयीची शंका बोलून दाखवायला लोकांना निमित्त मिळाले.

त्याच वर्षात दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या, आणि मग उद्घाटनाची तारीख ऐकायची आणि ती टळायची असा क्रम सुरू झाला. तयार रुळांवरून रिकामी गाडी जाताना दिसते आणि आपण फाट्यावर बसची वाट पाहत उभे आहोत, हा अनुभव आधीच्या सगळ्या विलंबांपेक्षा लोकांना अधिक बोचला असे त्या काळातल्या प्रतिक्रियांवरून दिसते. भूसंपादनाचा विलंब समजण्यासारखा होता, न्यायालयाच्या परवानगीचाही. मान्यवरांच्या वेळेसाठी होणारा विलंब मात्र कोणालाही पटवून देता येत नाही, आणि तो पटवून देण्याचा प्रयत्नही कोणी फारसा केला नाही.

एका दिवसाची दोन उद्घाटने

ज्या दिवशी उरणची लोकल सुरू झाली त्याच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. देशभर बातमी सेतूची झाली, लोकल दुसऱ्या परिच्छेदात गेली. स्थानिक चर्चेत या दोन प्रकल्पांची तुलना अटळ होती. सेतूवर मोटारीला एका फेरीचा २५० रुपये पथकर, आणि दुचाकी व रिक्षा यांना प्रवेशच नाही. सेतूचे जमिनीवरचे टोक ज्या चिर्ले-जासई परिसरात उतरते तिथल्या बहुसंख्य घरांसमोर दुचाकीच उभी असते. त्यामुळे सेतू आमच्या जमिनीवर उतरला पण आमच्यासाठी नाही, आणि लोकल मात्र आमची आहे, अशी विभागणी लोकांच्या मनात झाली. लोकलविषयीच्या पुढच्या सगळ्या तक्रारींतली तीव्रता या आपलेपणातून आलेली आहे, हे माझे मत आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याच्या वेळापत्रकावर कोणी निवेदन देत बसत नाही.

स्थानकांची नावे

बाहेरच्या निरीक्षकाला सर्वांत क्षुल्लक वाटलेला आणि गावांना सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न स्थानकांच्या नावांचा होता. खारकोपरनंतरच्या स्थानकांची नावे गव्हाण, रांजणपाडा, न्हावा-शेवा, द्रोणागिरी आणि उरण अशी ठरली होती. त्यांपैकी रांजणपाड्याचे पुढे शेमटीखार झाले. धुतूमच्या ग्रामस्थांचे म्हणणे असे की स्थानक आमच्या हद्दीत आहे, तेव्हा नाव धुतूम हवे. न्हावा-शेवा स्थानकाला नवघर आणि द्रोणागिरी स्थानकाला बोकडवीरा हे नाव मिळावे, अशी त्या त्या गावांची मागणी होती. उरण स्थानकाच्या नावात कोट गावाचा उल्लेख असावा, असे कोटच्या लोकांना वाटत होते. निवेदने झाली, सभा झाल्या, आंदोलनाचे इशारे दिले गेले.

या मागणीला अस्मितेचे राजकारण म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण एक-एक नाव तपासून पाहिले तर तिची व्यावहारिक बाजूही ठळक दिसते. न्हावा हे गाव उलव्याच्या बाजूला खाडीकाठी आहे आणि न्हावा-शेवा नावाच्या स्थानकावर उतरून तिथे जाऊ पाहणारा नवखा माणूस बराच भलतीकडे उतरलेला असतो. शेवा या गावाची कथा तर याहून कडवट आहे. शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठवला गेला आणि त्याचे पुनर्वसन उरणजवळ बोरी पाखाडी येथे हनुमान कोळीवाडा म्हणून झाले, जिथल्या घरांना वाळवीने पोखरून काढले आणि रहिवाशांना दुसऱ्यांदा पुनर्वसन मागावे लागले. म्हणजे जे गाव मूळ जागी राहिलेलेच नाही त्याचे नाव फलकावर आहे, आणि ज्या नवघरच्या जमिनीवर फलक उभा आहे ते गाव मात्र प्रवाशाला दिसत नाही. द्रोणागिरी हे नाव करंजाच्या बाजूच्या डोंगराचे. सिडकोने ते आपल्या नोडला, म्हणजे नियोजित वसाहतीला, दिले आणि नोडचे नाव स्थानकाला आले. बोकडवीऱ्याने आधी वायू विद्युत केंद्र सामावून घेतले, मग नोड, मग रेल्वे. तिन्ही वेळा जमीन गावाची गेली.

नोड, सेक्टर आणि फेज ही नियोजनकाराच्या नकाशाची भाषा आहे. तिच्यात गाव हे ‘गावठाण’ नावाचा एक रेखांकित तुकडा म्हणून उरते आणि गावाबाहेर वाढत्या कुटुंबांनी बांधलेली घरे ‘अनधिकृत’ ठरतात. गावे त्यांना गरजेपोटी बांधलेली घरे म्हणतात आणि ती नियमित करण्याची मागणी करत आली आहेत. ज्या गावाच्या घरांना कायदेशीर अस्तित्व नाही, ते गाव आपले नाव निदान केंद्र सरकारच्या फलकावर, वेळापत्रकात आणि तिकिटावर उमटवू पाहते. भूखंडासाठी तीस वर्षे लागू शकतात. फलक बदलायला रंग आणि एक अधिसूचना पुरते. त्यामुळे नावाची मागणी ही मान्य होण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेली मागणी होती, आणि गावांनी ती तितक्याच धोरणीपणाने लावून धरली असे मला वाटते.

नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून जून २०२१ मध्ये झालेली मानवी साखळी आणि सिडकोला घातलेला घेराव याच गावांनी यशस्वी केला होता, आणि त्यानंतर राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये त्या नावाचा ठराव केला. नावासाठी संघटित झाले तर सरकार ऐकते, हा धडा ताजा होता. नियोजनाच्या टप्प्यावरच ग्रामपंचायतींशी बसून महसुली हद्दीप्रमाणे नावे ठरवली असती तर हा वाद उद्भवला नसता. ‘नवघर’ लिहिण्याचा खर्च ‘न्हावा-शेवा’ लिहिण्यापेक्षा जास्त नाही.

वेळापत्रकाची कसोटी

उद्घाटनानंतर पहिल्या काही दिवसांत गाड्या भरून वाहिल्या. उरण स्थानकावर कुटुंबेच्या कुटुंबे नुसती गाडी पाहायला आणि एक फेरी मारायला आली. या गर्दीला प्रतिसाद मानण्याचा मोह अधिकाऱ्यांना होतो, पण तो उत्सव होता. खरा प्रतिसाद नोकरदार आणि विद्यार्थी यांनी महिनाभर गाडी वापरून पाहिल्यावर आला, आणि तो प्रामुख्याने एका गोष्टीविषयी होता. तेव्हा दिवसाला नेरुळ आणि बेलापूर मिळून ४० फेऱ्या होत्या, म्हणजे दोन्ही दिशांना वीस-वीस. उरणहून निघणाऱ्या गाडीचा पुढचा मुक्काम नेरुळ की बेलापूर हे पाहून जायचे असेल तर एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंत फार वेळ जातो. एक गाडी चुकली तर फलाटावर बसून राहण्यापेक्षा रिक्षा परवडते, असा हिशेब लोकांनी लवकर केला.

उपनगरी गाडी या शब्दातच मुंबईकराच्या मनात एक आश्वासन असते, ही गेली तर पुढची येईलच. तासाच्या आसपास अंतर असलेली गाडी हे आश्वासन पाळत नाही. शिवाय मुंबईला थेट गाडी नसल्याने नेरुळला किंवा बेलापूरला हार्बरची गाडी पकडावी लागते आणि दोन वेळापत्रकांचा मेळ बसला नाही तर सकाळच्या घाईत तिथे वाट पाहण्यातच वेळ जातो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत थेट लोकल सोडा ही मागणी त्यातून आली. तांत्रिकदृष्ट्या ती सोपी नाही, कारण गर्दीच्या वेळी हार्बर मार्गावर नव्या गाडीला जागा शोधणे कठीण आहे. परंतु वेळापत्रकांचा मेळ घालणे हा प्रश्न थेट गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि त्याकडे लक्ष वेधणाऱ्या सूचना प्रवाशांकडून येत राहिल्या.

बंदर आणि गोदामांतल्या पाळ्यांत काम करणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा. त्यांना उरणमधून बाहेर जायचे नसते. त्यांना उरणमध्ये यायचे असते, तेही पहाटे आणि रात्री उशिरा. उपनगरी वेळापत्रक सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी परत या गृहीतकावर बांधलेले असते. उरण हे केवळ झोपायला परतायचे गाव नसून हजारो लोकांच्या कामाचे ठिकाण आहे, ही गोष्ट त्या गृहीतकात बसत नाही. त्यातून पुन्हा न्हावा-शेवा किंवा द्रोणागिरीला उतरल्यावर प्रत्यक्ष बंदराच्या किंवा गोदामाच्या फाटकापर्यंत जायला वाहन नसेल तर गाडी वेळेवर असून उपयोग थोडा.

हा शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा प्रश्न उद्घाटनानंतर लगेच तीव्र झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका प्राणघातक अपघातानंतर नवी मुंबई परिवहनने उरणमधली बससेवा थांबवली आणि ती पुन्हा सुरू करा ही मागणी त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिली. रेल्वे आली तेव्हा तिला पूरक असलेली बस गेली, असा योग जुळला. स्थानकापासून लांबच्या पूर्व भागातल्या गावांना रेल्वेचा लाभ मिळण्यासाठी हीच बस लागणार होती. रिक्षाचालकांची प्रतिक्रिया या काळात बदलत गेली. सुरुवातीला धंदा जाईल ही धास्ती होती. नंतर लांबचे भाडे कमी झाले तरी स्थानकाच्या दारातले छोटे भाडे वाढले, आणि थांब्यावर रांग कोणाची या वादाला सुरुवात झाली.

भराव, पाणी आणि वाटा

उरण तालुक्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्या जवळचा, खारबंदिस्तीने राखलेला आहे. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे आणि पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून खाडीत सोडायचे, ही इथली जुनी व्यवस्था. त्यात बंदराचा, नोडचा, गोदामांचा आणि रस्त्यांचा भराव आधीच पडला होता. रेल्वेचा भराव हा त्या मालिकेतला एक, पण तो सलग लांब बांध असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याचे नाते बदलते. रुळांखालून गावाला जाण्यासाठी केलेले भुयारी मार्ग पावसाळ्यात तुंबतात ही तक्रार जवळजवळ प्रत्येक गावातून आली आणि दरवर्षी येते. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर असलेल्या भागात जमिनीच्या खाली वाट काढली की तिथे पाणी येणार, हे सांगायला भातशेती केलेल्या कोणाही माणसाला स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाही.

वर्षभर चालणारा पंप हे त्यावर दिले जाणारे उत्तर असते. पंप बंद पडला की दुरुस्ती रेल्वेने करायची की सिडकोने, या प्रश्नात दिवस जातात. सुरुवातीला सांगितलेली ६७ आणि ३३ टक्क्यांची विभागणी इथे गावकऱ्याच्या अंगावर येते. बांधकामाचा खर्च वाटून घेणाऱ्या करारात देखभालीची जबाबदारी गावाला समजेल अशा एका खिडकीवर आणलेली नसेल, तर शाळेत जाणारे मूल गुडघाभर पाण्यातून जाते आणि दोन्ही कार्यालयांत फाइल फिरत राहते. या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटणारी त्रुटी हीच आहे, नावांच्या वादापेक्षाही. तिला उद्घाटनाच्या दिवशी कोणी उत्तर विचारत नाही, कारण जानेवारीत भुयारी मार्ग कोरडे असतात.

उलव्याचे वेगळे मत

तरघर, बामणडोंगरी आणि खारकोपर या पट्ट्यातला प्रतिसाद उरणपेक्षा इतका वेगळा होता की त्याला वेगळे प्रकरण म्हणता येईल. उलवे नोडमधले बहुतेक रहिवासी बाहेरून आलेले, घराचे हप्ते भरणारे, आणि २०१८ पासून गाडी वापरणारे. त्यांच्यासाठी स्थानक ही घराच्या जाहिरातीतली ओळ होती आणि ती खरी ठरली. खारकोपरहून सुटणारी गाडी त्यांना रिकामी मिळे. मार्ग उरणपर्यंत वाढल्यावर तीच गाडी भरून येऊ लागली. म्हणून विस्तारामुळे ज्यांची सोय किंचित घटली असे लोकही या मार्गावर आहेत, आणि त्यांची नाराजी उरणकरांच्या मागणीच्या नेमकी उलट नसली तरी तिच्याशी जुळणारीही नाही. दोघांनाही अधिक फेऱ्या हव्यात, पण उलव्याच्या प्रवाशाला त्यातल्या काही खारकोपरहूनच सुटाव्यात असे वाटते.

जमिनीच्या दरांबद्दल दोन पट्ट्यांत जी दरी आहे तीही नोंदवली पाहिजे. सदनिका घेतलेल्याला दर चढल्याचा आनंद होतो. ज्याचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड अजून कागदावर आहे त्याला चढलेला दर म्हणजे रोज वाढणारे नुकसान वाटते, आणि ज्याने आपला हक्क गरजेपोटी आधीच दलालाला विकून टाकला त्याच्या घरी या विषयावर कोणी बोलत नाही.

पुढची स्थिती

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. विमानतळाजवळचे तरघर स्थानक आणि दुसऱ्या टप्प्यातले गव्हाण स्थानक ही दोन्ही मार्ग सुरू झाला तेव्हा बंदच राहिली होती. त्या डिसेंबरात दोन्ही ठिकाणी गाड्या थांबू लागल्या आणि मार्गावरच्या दहा फेऱ्या वाढल्या. उरणच्या प्रवाशांनी दोन वर्षे केलेली मागणी यात अंशतः पुरी झाली, मात्र ती विमानतळाच्या वेळेला जुळून आल्यामुळे तिचे श्रेय प्रवाशांच्या निवेदनांना किती आणि विमानतळाच्या गरजेला किती, याविषयी गावांमध्ये दोन मते आहेत. गव्हाणच्या ग्रामस्थांना ज्या स्थानकासाठी जमीन दिली त्याचे दार इतर गावांच्या जवळजवळ दोन वर्षे नंतर उघडलेले मिळाले.

अभ्यासाच्या दृष्टीने या प्रकरणातून एक पद्धतशीर सूचना निघते. प्रकल्पाविषयी स्थानिकांचे मत एकदाच, तेही जनसुनावणीच्या किंवा उद्घाटनाच्या दिवशी, मोजले जाते. उरणमध्ये ते किमान तीनदा मोजायला हवे होते. संपादनाच्या वेळी जमीनमालकांकडून कळणारे मत पहिले. फलक रंगवण्यापूर्वी ग्रामपंचायतींना विचारले असते तर दुसरे मिळाले असते. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे भुयारी मार्गांत पाणी आल्यावर आणि महिन्याचे पास संपल्यावर, तिसरे. पहिल्या वेळी मोबदल्याचा प्रश्न ऐकू आला असता, दुसऱ्या वेळी नावांचा, तिसऱ्या वेळी फेऱ्यांचा आणि पंपांचा. हे तीनही प्रश्न प्रत्यक्षात पुढे आलेच, पण कामबंद, निवेदन आणि रेल रोकोच्या इशाऱ्याच्या रूपाने आले. कोटनाक्याच्या शेतकऱ्यांचा प्रश्न या तिन्हींत सर्वांत जुना आहे, आणि भूखंडांचे वाटप हा सिडकोच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे गाड्यांच्या फेऱ्या कितीही वाढल्या तरी तो रेल्वेच्या वेळापत्रकाने सुटणारा नाही.